शाळेचा पट आणि मताची शाई

(अंतिम वर्ष, स्थापत्य)

माझ्या बोटाला सरकारी शाई आजवर दोनदा लागली.

पहिल्यांदा ऑक्टोबर २०११ मध्ये. तेव्हा मी दुसरीत होतो. राज्यभर एकाच वेळी तीन दिवस पटपडताळणी चालली होती. कागदावर मुलं आणि वर्गात रिकामी बसकरपट्टी, अशा शाळा शोधायच्या होत्या. एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मतदानाला वापरतात ती शाई आमच्या बोटांना लावली. आमच्या वाडीच्या शाळेत कागदावर एकतीस पोरं होती आणि वर्गातही एकतीसच निघाली. गुरुजींनी त्या दिवशी खाऊ वाटला. आणि मी ती शाई जाऊ नये म्हणून दोन दिवस हात बाहेर धरून अंघोळ केली!

दुसऱ्यांदा लागली ती २० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानाला. (लोकसभेला परीक्षा आडवी आली होती.) गंमत म्हणजे शाळा तीच, खोलीही तीच. पुठ्ठ्याचा आडोसा जिथे उभा केला होता, बरोबर त्याच्या वर भिंतीवर सतराचा पाढा रंगवलेला होता. बटण दाबण्याआधी सवयीने मी तो वाचत बसलो. सतरा साते एकशे एकोणीस. मागून अधिकारी म्हणाले, "झालं का हो?"

फरक एवढाच, की २०११ मध्ये त्या शाळेत एकतीस पोरं होती आणि २०२४ मध्ये नऊ.

हा लेख त्या नऊ पोरांबद्दल आहे, आणि त्यांच्या नावाने मतं मागणाऱ्यांबद्दल. राजकारण म्हटलं की आपल्या होस्टेलवर दोनच प्रतिक्रिया होतात. एक म्हणजे "सोड यार, सगळे सारखेच." दुसरी म्हणजे रात्री दोनपर्यंत घसा बसेस्तोवर भांडण, आणि सकाळी व्हायवाला दोघेही गप्प. मला या दोन्हींपेक्षा वेगळं म्हणायचंय. शिक्षणाच्या बाबतीत सगळे उमेदवार सारखे नसतात. त्यांची मतं खरोखर वेगळी असतात. पण सगळे सुरुवात एकाच वाक्याने करतात, "शिक्षण हीच खरी संपत्ती", आणि तिथेच आपण कान बंद करतो.

तर झालं असं. मतदानाच्या आधीच्या शनिवारी रात्रीची एसटी धरून मी घरी गेलो. सर्व्हेइंगचं सबमिशन रूममेटच्या गळ्यात मारलं (त्याचे उपकार अजून फिटलेले नाहीत). रविवार-सोमवारी मिळून आमच्या वाडीवर तीन उमेदवार येऊन गेले. एरवी पाच वर्षं तिथे पोस्टमनसुद्धा नाइलाजाने येतो. कोण कुठल्या पक्षाचे हे मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की तुम्ही वाचायचं सोडून बाजू घ्याल.

पहिले साहेब देवळाच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, प्रत्येक शाळेला स्मार्ट टीव्ही देऊ, डिजिटल वर्ग करू, पहिलीपासून इंग्रजी आणू. तात्या माझ्या कानात म्हणाले, "टीव्ही हाय की आपल्या शाळंत. दोन वर्सं झाली. बिल थकलं म्हणून मीटर काढून नेला, ते सांग त्यास्नी." मी काही सांगितलं नाही. माझी हिंमत झाली नाही, हे कबूल करतो.

दुसरे म्हणाले, एकही शाळा बंद पडू देणार नाही. शिक्षक भरती करू, विनाअनुदानित शाळांना शंभर टक्के अनुदान देऊ, जुनी पेन्शन आणू. त्यांच्याबरोबर खालच्या गावातल्या हायस्कूलचे तीन-चार सर आले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिसरे अपक्ष होते. वयाने तरुण, बोलायला तर फारच छान. म्हणाले, "सरकारी शाळांवर पैसा ओतायचाच कशाला? तोच पैसा पोराच्या नावावर आईबापाच्या हातात द्या. कुठे शिकवायचं ते तुम्ही ठरवा. मी इंग्लिश मीडियमची पिवळी बस वाडीपर्यंत आणतो." आमच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला वाटतं मीही मारली.

आमची काकू तिन्ही वेळा एकच प्रश्न विचारत होती. तिची नात, म्हणजे माझी पुतणी, तेव्हा पहिलीत होती. त्या नऊ पोरांतली एक. काकू म्हणाली, "सायेब, शाळा मोडली तर पोरांनी वढा कसा वलांडायचा?" वाडी आणि खालचं गाव यांच्या मध्ये ओढा आहे. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये तो असा येतो की मोठी माणसंही दोर धरून जातात. पहिले म्हणाले, "साकव मंजूर करून देतो, मावशी." दुसरे म्हणाले, "शाळा बंदच होणार नाही, तर प्रश्न येतोच कुठे?" तिसरे म्हणाले, "बस येईल ना, काकू." काकू म्हणाली, "बस वढ्यापातुर यील. फुडं?"

तेवढ्यात हलगी सुरू झाली आणि पुढची वाडी गाठायची म्हणून साहेब निघाले.

परत येताना एसटीत मला झोप लागली नाही, आणि या तीन भाषणांचा विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. सरकारचा पैसा शाळेपर्यंत पोचायला मुख्यतः तीन पाइप आहेत. एक पाइप वस्तूंचा. खोल्या, टीव्ही, संगणक, गणवेश, साकव. दुसरा पाइप माणसांचा, म्हणजे शिक्षकाचा पगार. तिसरा थेट खात्याचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या किंवा पालकाच्या खात्यात शिष्यवृत्ती, फी माफी, रोख रक्कम. आमच्या तिन्ही उमेदवारांनी एकेक पाइप पकडला होता. ही खरी मतभेदाची जागा आहे. "शिक्षणाला महत्त्व देणार का" यात मतभेद नाहीतच. पैसा कुठल्या पाइपातून सोडायचा, यात आहेत.

आणि प्रत्येक पाइपाच्या दुसऱ्या टोकाला एक मतदार उभा असतो. वस्तूंच्या पाइपाची फीत कापता येते, फलक लावता येतो. शिवाय ठेकेदारही खूश होतो. पगाराच्या पाइपाची फीत कापता येत नाही, पण शिक्षक संघटित आहेत आणि गावात त्यांचा शब्द ऐकतात. खात्याच्या पाइपाचं तर विचारूच नका, पैसे आले की मोबाइल 'टिंग' वाजतो. २०२४ च्या निवडणुकीत हा 'टिंग' सगळ्यात मोठ्याने वाजला. सत्ताधारी महायुतीने लाडक्या बहिणीला १५०० चे २१०० करू म्हटलं, तर महाविकास आघाडीने महिलांना दरमहा ३००० देऊ म्हटलं. भाजपच्या संकल्पपत्रात दहा लाख विद्यार्थ्यांना महिना दहा हजार विद्यावेतन होतं, आघाडीकडून बेरोजगार तरुणांना चार हजारांपर्यंत. ठाकरे गटाच्या वचननाम्यात मुलींप्रमाणे मुलांनाही मोफत शिक्षण होतं. यातल्या प्रत्येक रकमेवर आमच्या मेसमध्ये चर्चा झाली. वाडीवरच्या शाळेत शिक्षक एक की दोन, यावर कुणी ताटावरून मानसुद्धा वर केली नाही. माझ्यासकट.

माझ्यासकट असं म्हणतो, कारण हा तिसरा पाइप माझ्यापर्यंत येतो. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून माझी निम्मी शिक्षण फी सरकार भरतं. माझ्या वर्गातल्या मुलींपैकी ज्यांच्या घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे आणि ज्या त्या-त्या प्रवर्गात बसतात, त्यांची २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. त्यावरून आपल्या बॉइज होस्टेलमध्ये किती कुरकुर झाली ते तुम्हाला माहीतच आहे. ("आम्ही काय पाप केलं?" हे वाक्य मी त्या जुलैत किमान चाळीस वेळा ऐकलं.) पण माझ्याच वर्गातली एक मुलगी एकदा शांतपणे म्हणाली, "माझ्या बाबांनी भावाची फी भरायची आणि माझं लग्न करायचं, असं ठरवलं होतं. माफी आली म्हणून मी इथे आहे." त्यावर कुरकुर करणाऱ्यांकडे उत्तर नव्हतं. म्हणजे तिसरा पाइप वाईट आहे, असं मी अजिबात म्हणत नाही. त्या पाइपातून पाणी आलं म्हणून आमच्यासारखी पोरं इथे उगवली.

प्रश्न असा आहे की हा पाइप कुठपासून सुरू होतो. इंजिनिअरिंगला पोचलेल्या पोराची फी माफ करता येते. पण चौथीतच शाळा सुटलेल्या पोरीची कुठली फी माफ करणार?

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात नेमका हाच मुद्दा होता. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, अशी त्यांची तक्रार होती. आधी प्राथमिक शिक्षणाकडे बघा, किमान बाराव्या वर्षापर्यंत ते सक्तीचं करा, असं ते म्हणत होते. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. ते १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. त्या सभागृहात वाडीवरच्या पोरांच्या बापांनी निवडून दिलेलं कुणीच नव्हतं. आता एकशे चौदा वर्षांनी त्या बापांना मत आहे, काकूलाही आहे. तरी वाद तिथेच आहे.

गोखल्यांच्या पराभवानंतर पाच वर्षांनी कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्यांना निवडणूक लढवायची नव्हती, हे कुणी म्हणेल. खरं आहे. पण तिजोरीत पैसा किती आणि तो कुठल्या कामाला लावायचा, हा हिशेब राजालाही चुकत नाही. त्यांनी तो केला. माझी निम्मी फी त्यांच्या नावाने भरली जाते, आणि त्यांनी स्वतः ज्याच्यावर भर दिला ती गोष्ट म्हणजे चौथीपर्यंतची शाळा. या विसंगतीवर मी रीडिंग हॉलमध्ये बसून बराच वेळ विचार करत होतो. असो.

आपल्या कॉलेजसारख्या संस्थांचा जन्मही असाच एका राजकीय निर्णयातून झाला, हे फार जणांना ठाऊक नसतं. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. सरकारकडे पैसा नाही, पोरं डोनेशन देऊन कर्नाटकात जातात, मग इथेच कॉलेजं निघू देत, असा तो विचार होता. त्याचं बरं-वाईट दोन्ही आपण भोगतो आहोत. पण हेच तत्त्व शाळांनाही लागलं. २००१ मध्ये शाळांना परवानगी देताना 'कायम विनाअनुदानित' असा शब्द आला, २००९ मध्ये त्यातला 'कायम' गेला. पुढे टप्प्याटप्प्याने वीस टक्के, चाळीस टक्के असं अनुदान द्यायला सुरुवात झाली, आणि प्रत्येक टप्प्यासाठी शिक्षकांना आझाद मैदानावर जावं लागलं. जुलै २०२५ मध्येही ते तिथे पावसात बसले होते. मला अकरावी-बारावीला गणित शिकवणारे सर अशाच एका कॉलेजात होते. नाव सांगत नाही. सकाळी इंटिग्रेशन शिकवायचे आणि दुपारी जीप चालवायचे. मी त्याच जीपमधून घरी जायचो आणि ते माझ्याकडून भाडं घ्यायचे नाहीत. मला घेऊन टाका म्हणायचीही लाज वाटायची.

तर दुसऱ्या उमेदवाराने अनुदान म्हटल्यावर ज्या टाळ्या वाजल्या, त्या मला पोकळ वाटल्या नाहीत. त्या टाळ्यांमागे दहा-दहा वर्षांची थकबाकी होती.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडतो, नाहीतर आमचे स्ट्रक्चरचे सर विचारतील, "लोड कॅल्क्युलेशन कुठे आहे?" घ्या मग. आमच्या शाळेत तेव्हा दोन शिक्षक. दोघांचा मिळून पगार महिना सव्वा लाख धरा. वर्षाचे झाले पंधरा लाख. भागिले नऊ. एका पोरामागे वर्षाला एक लाख सहासष्ट हजार! आपल्या कॉलेजची फी त्याहून कमी आहे. हा आकडा काढल्यावर मी स्वतः दचकलो. समूह शाळा काढा म्हणणारा अधिकारी काही राक्षस नसतो, त्याच्या टेबलावर हाच भागाकार असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात १४,७८३ होत्या. त्यांत मुलं १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. म्हणजे सरासरी शाळेत साडेबारा पोरं. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत इथल्या समूह शाळा नमुना म्हणून दाखवल्या गेल्या. आणि त्यांच्या बाजूचा एक मुद्दा मला मनापासून पटतो. नऊ पोरांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. आमची पुतणी तिच्या वर्गात एकटीच आहे. तिचा पहिला नंबरही तिचाच आणि शेवटचाही तिचाच!

पण हा भागाकार करताना आपण एक चूक करतो, आणि ती स्थापत्यच्या पोराला तरी कळली पाहिजे. पुलावरून दिवसाला किती गाड्या जातात यावर तो रुंद किती करायचा ते ठरतं. पूल असावा की नसावा, ते पलीकडे माणूस राहतो की नाही यावर ठरतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याने हेच केलं. पहिली ते पाचवीचं पोर जिथे राहतं तिथून एक किलोमीटरच्या आत शाळा, असं महाराष्ट्राच्या नियमांत आहे. आणि साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, मग पोरं नऊ का असेनात. कारण चार इयत्ता एकट्या माणसाने शिकवायच्या, शिवाय पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, ऑनलाइन माहिती भरायची आणि निवडणूक आली की ड्यूटीवर जायचं, हे जमत नाही. मग सप्टेंबर २०२४ मध्ये, तोही नेमका शिक्षक दिनी, शासन निर्णय निघाला, की वीस किंवा कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमावा. मानधन महिना पंधरा हजार. शिक्षकांनी सामुदायिक रजा टाकली, मोर्चे निघाले, निर्णयात नंतर बदल झाले. पण विचार करा. भागाकार तोच ठेवून फक्त वरचा आकडा कमी करायचा, हा तो उपाय होता.

हे सगळं घडलं ते निवडणुकीच्या जेमतेम दोन महिने आधी. आणि आमच्या देवळापुढे तीन सभा झाल्या, त्यात 'संचमान्यता' हा शब्द एकाही उमेदवाराने उच्चारला नाही. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ३० सप्टेंबरचा पट बघून कुठल्या शाळेला किती शिक्षक ते सरकार ठरवतं, ती संचमान्यता. आपल्याकडे डिटेन्शनची यादी लागते ना, तसंच. फक्त इथे यादीत शाळा असते.)

दिल्लीत निदान भांडण तरी शाळेवरून झालं. २०१५ नंतर आम आदमी पक्षाने बजेटचा मोठा हिस्सा शिक्षणावर टाकला आणि त्यावरच मतं मागितली. विरोधकांनी वर्गखोल्यांच्या बांधकामाचा खर्च काढला, घोटाळ्याचा आरोप केला. २०२५ च्या जानेवारीत भाजपने सरकारी संस्थांत गरजूंना केजीपासून पीजीपर्यंत मोफत शिक्षणाचं वचन दिलं. फेब्रुवारीत आप हरला. लोक एकाच मुद्द्यावर मत देत नाहीत, त्यामुळे शाळा हरल्या असं मी म्हणणार नाही. पण किती खोल्या बांधल्या, कितीला बांधल्या, यावर जाहीर उलटतपासणी झाली. आमच्याकडे कुणी खोल्या मोजतच नाही, तर घोटाळा तरी कसा सापडणार!

सहा टक्क्यांचंही असंच. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं की १९८५-८६ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर जायला हवेत. तेव्हापासून हा आकडा २००४ च्या यूपीएच्या किमान समान कार्यक्रमात आला, २०१४ च्या भाजपच्या जाहीरनाम्यात आला, २०१९ च्या काँग्रेसच्या जाहीरनाम्यात आला, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात आला. डावे तर दरवेळी म्हणतातच. एवढं एकमत या देशात क्रिकेट संघाच्या निवडीवरही होत नाही. आणि खर्च मात्र एकदाही सहाला टेकलेला नाही. माझा एक ठोकताळा आहे: ज्या आकड्यावर सगळ्यांचं एकमत, त्याची कुणालाच भीती नसते. उमेदवाराला सहा टक्क्यांबद्दल विचाराल तर तो आनंदाने हो म्हणेल. त्याला मीटर कुणी नेला, बिल कोण भरणार, असं विचारा, आणि मग बघा.

विचारायचं कुणाला, हीसुद्धा अडचणच आहे. वाडीच्या शाळेची मालक जिल्हा परिषद. पण मार्च २०२२ नंतर कितीतरी काळ बहुतेक जिल्हा परिषदांवर निवडून आलेला एकही सदस्य नव्हता, प्रशासक होता. पगार, संचमान्यता, धोरण मुंबईत ठरतं. विधान परिषदेत तर शिक्षकांच्या सात जागा वेगळ्या राखलेल्या आहेत. पण घटनेच्या १७१ व्या कलमाप्रमाणे त्यात माध्यमिक शाळेपासून वरच्याच शिक्षकांना मत आहे. आपल्या कॉलेजमधल्या सरांना आणि मॅडमना आहे. शिवाय त्यांना पदवीधर म्हणून आणखी एक मत आहे, आणि डिग्री मिळून तीन वर्षं झाली की आपल्यालाही मिळेल. माझ्या गुरुजींनी पंचवीस वर्षं पोरांना अक्षरं शिकवली, त्यांना शिक्षक म्हणून मत नाही! मी हे त्यांना फोनवर सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "माहीत आहे की रे. आम्ही फक्त मतदान घेतो."

आमच्या स्टाफरूममध्ये शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीला उमेदवार येतात, चहा होतो, पेन्शन आणि वेतन आयोगावर बोलणं होतं. ते व्हायलाच पाहिजे. पण सर, मॅडम, तुमच्यापुढे हात जोडून उभा असलेला तो माणूस वरच्या सभागृहात शिक्षणाबद्दल बोलणार असतो. वाडीवरच्या दोन शिक्षकांचं काय, हे त्याला फक्त तुम्हीच विचारू शकता. कारण ज्यांनी विचारायचं त्यांचं नाव त्याच्या यादीतच नाही. विद्यार्थी म्हणून एवढं लिहिण्याचा आगाऊपणा केला, इंटर्नलच्या मार्कांवर त्याचा परिणाम होऊ नये ही विनंती.

मी स्वतः त्या दिवशी कुणाला मत दिलं ते सांगणार नाही. पण कशावरून दिलं ते सांगतो. तिघांपैकी एकाने निघताना गाडी थांबवून काकूला विचारलं होतं, "ओढा नेमका कुठल्या बाजूला?" तो निवडून आला की पडला, याला इथे महत्त्व नाही. साकव अजून झालेला नाही.

जून २०२५ मध्ये शाळा उघडली तेव्हा पट सात झाला. दोन पोरं पिवळ्या बसने जायला लागली. त्यांचे आईबाप चुकले असं मला म्हणवत नाही. ज्या शाळेच्या डोक्यावर बंद पडायची टांगती तलवार आहे, तिथे कोण पोर घालणार? आणि कुणी घालत नाही म्हणून ती बंद पडणार. बस ओढ्याच्या अलीकडे थांबते. पावसात त्या दोघांची आई त्यांना एकेक करून पाठीवर घेऊन पलीकडे नेते.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री गुरुजींचा फोन आला. मी मेसच्या रांगेत होतो. आधी माझा अभ्यास, तब्येत, प्लेसमेंट असं सगळं विचारून झालं. मग जरा थांबून म्हणाले, "तुझा मामा मुंबईतलं बिऱ्हाड मोडून गावाकडं यायचं म्हणत होता ना? त्याची धाकटी तिसरीतच आहे ना रे?"

मी म्हटलं, "हो गुरुजी."

"तीस तारखेच्या आत येतील का, तेवढं विचारून बघ."

मामीला फोन लावून सांगतो म्हटलं.